बटण हळूच सोड, मावशी

कॉलेजात एनसीसी केली होती, तेवढाच माझा बंदुकीशी संबंध. पालथं पडून, कोपरं खरचटवून घेत, पॉइंट टू-टू रायफलीनं कागदावर नेम धरायचा. त्या भांडवलावर भाच्याला म्हटलं, दाखव बघू तुझा तो बंदुकांचा गेम.

त्यानं जुना प्लेस्टेशन टू काढला आणि 'मेटल गिअर सॉलिड ३' लावला. २००४ सालचा जपानी गेम, कोनामी कंपनीचा, हिदेओ कोजिमानं रचलेला. २०२५ मध्ये तो नव्या रूपात आला म्हणे, पण भाच्याचा जीव जुन्यातच. गोष्ट १९६४ची. स्नेक नावाचा अमेरिकी हेर सोव्हिएत जंगलात एकटाच उतरतो. मला झाडीत पहिला पहारेकरी दिसला आणि मी उत्साहानं पिस्तूल रोखलं.

"मारू नकोस गं, झोपव त्याला!"

मग बंदूक दिली कशाला? यावर भाच्यानं इतिहास सांगितला. कोजिमाचा पहिला 'मेटल गिअर' १९८७चा. ज्या एमएसएक्स-२ संगणकासाठी तो बनवायचा होता, त्याला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या. म्हणून मग लढायचं सोडून लपायचा खेळ केला. यंत्र गरीब म्हणून नायक शहाणा, असा एकूण प्रकार.

आता रोखलेलं पिस्तूल खाली कसं घ्यायचं? चौकोनाचं बटण दाबलं की नेम, आणि सोडलं की गोळी. गोळी नको असेल तर क्लच सोडावा तसं अलगद सोडायचं. ही बटणं दाब ओळखतात, हे मला कोण सांगणार? माझं बोट उचललं जायचं आणि जंगलभर बोंब. गोलाचं बटण त्याहून भयंकर. पहारेकऱ्याला मागून धरलं की ते हलकेच दाबून ठेवायचं. मी घाबरून जोरात दाबलं, तर स्नेकनं बिचाऱ्याचा गळाच चिरला. भाचा शांतपणे म्हणाला, "हा तुला पुढं भेटेल." मला वाटलं, थट्टा करतोय.

गुंगीचं औषध मारणारं ते पिस्तूल मात्र अस्सल वंशाचं निघालं. एमके-२२, टोपणनाव 'हश पपी'. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ३९वरून अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंसाठी केलेलं. पहाऱ्यावरची कुत्री आणि पहारेकरी गुपचूप टिपायचं हत्यार. व्हिएतनाममध्ये ते पोचलं साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे १९६४च्या स्नेककडे ते असायचं काही कारण नाही. मी हे बोलून दाखवलं, तर "मावशी, तू खेळ" असं उत्तर मिळालं.

प्रत्येक गोळीनंतर स्नेक पिस्तुलाचा वरचा भाग हातानं मागे ओढतो. मला तो नुसता दिखावा वाटला होता. पण खऱ्या पिस्तुलातही ही सोय आहे. स्लाइड जागच्या जागी अडकवून ठेवायची, म्हणजे ती मागेपुढे होण्याचा खडखडाट होत नाही. पुढची गोळी मात्र आपल्या हातानं भरायची. आणि सायलेन्सर झिजतो! खऱ्याच्या आतल्या चकत्या दोनेक डझन गोळ्यांत निकामी व्हायच्या. गेममध्येही तो संपत जातो. सिनेमात आयुष्यभर 'फुस्स' करणारी पिस्तुलं पाहिलेल्या मला हे नवलच होतं. बंदुकीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास. सायलेन्सर त्यातले २५-३० कमी करतो. उरतो तोही कानठळ्या बसवणाराच. शिवाय गोळी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पुढं गेली की ध्वनीचा वेग ओलांडते आणि तिचा कडाका वेगळाच. त्याला सायलेन्सर काय करणार? हश पपीसाठी म्हणूनच जड, संथ गोळी होती.

मध्येच 'द एंड' नावाचा थकलेला नेमबाज येतो. भाच्याचा सल्ला असा की खेळ सेव्ह कर, प्लेस्टेशनचं घड्याळ आठवडाभर पुढं कर, म्हातारा वयानंच मरतो. माझ्या वयाच्या बाईला हा सल्ला! मी सरळ नकार दिला. झाडांमागून त्याला शोधून, औषधाच्या गोळ्या मारून मारून दमवला. बक्षीस म्हणून त्याची मोसिन-नागांत रायफल मिळाली, तीही गुंगी आणणारी. एनसीसी अगदीच वाया गेली नाही.

पुढं नदी आली. उथळ पाणी, धुकं, आणि समोरून चालत येणारी माणसं. जेवढी मारली तेवढीच. गळा चिरलेलाही आला, मान तशीच. थट्टा नव्हती तर. माझी रांग फार लांब नव्हती, तरी मला बाजूबाजूनं चालावं लागलं. शेवटी स्नेकच मेला. पडद्यावर तसं लिहून आलं. मी कंट्रोलर खाली ठेवला.

"अगं, संपलं नाही. सामान उघड, जिवंत व्हायचं औषध घे."

"मेलेल्या माणसानं?"

"हो. लवकर."


घेतलं. उठला.