आजीने बंद केलेली खिडकी

परळला एका जुन्या मिलच्या आवारात माझ्या डिझायनर मित्राचा स्टुडिओ आहे. मध्ये त्याच्याकडे कॉफी प्यायला गेले, तर टेबलावर विटेएवढं जाड पुस्तक. तिबोर कालमन! मास कॉमला असताना हे नाव एका लेक्चरला ऐकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि पेपर संपल्यावर विसरले होते. (हसू नका, तुम्हीही तेच केलं असतंत.)

हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेला डिझायनर. बेनेटनच्या पैशांवर ओलिव्हिएरो तोस्कानीबरोबर त्याने १९९१ मध्ये ‘कलर्स’ हे मासिक काढलं. वंशभेदावरच्या १९९३ च्या अंकात त्याने इंग्लंडची राणी काळी करून टाकली, श्वार्झनेगरही काळा आणि स्पाइक ली चक्क गोरा. गहजब झालाच. त्याच्या कामाचं हे पुस्तक १९९८ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

‘‘आपल्याकडे असं कुणाचं पुस्तक निघेल का रे?’’ मी विचारलं.

‘‘आपल्याकडे एवढं चावट कुणी होतं कुठे?’’ मित्र म्हणाला.

होतं की! आमच्याच माळ्यावर होतं.

आमची लालबागची चाळ रीडेव्हलपमेंटला जातेय. महिनाअखेर खोली रिकामी करायची, म्हणून आईने माळा उपसायला घेतलाय. एका पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे ‘आवाज’चे दिवाळी अंक निघाले. आजोबा गिरणीत होते. बोनस झाला की घरी येताना मिठाईच्या बॉक्सबरोबर हा अंक यायचाच. गठ्ठ्यात १९८२ चा अंक तेवढा नाही. त्या जानेवारीत संप सुरू झाला होता. बोनस कुठला आणि अंक कुठला!

ज्यांनी ‘आवाज’ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये हा विनोदी दिवाळी अंक सुरू केला आणि त्याची ओळख झाली ती खिडकीचित्रं. पानाला डाय मारून एक चौकोन कापलेला. त्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा नेमका नको तो भाग दिसणार. बाई अशी, बुवा तसा, आणि आपल्याला जे वाटायचं ते वाटून जातं. मग पान उलटायचं. तिच्या पायात काटा रुतलाय आणि तो बिचारा काटा काढतोय, असा सगळा मामला! चंद्रशेखर पत्की यांच्यासारख्या चित्रकारांनी या खिडक्या रंगवल्या.

तेव्हाचे दिवाळी अंक दिसायला देखणे होतेच. १९४५ पासून दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ होता, रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतल्या तुकतुकीत नायिका होत्या. पण तिथे तुम्ही नुसतं बघायचं. इथे पान उलटेपर्यंत तुम्ही पकडले गेलेले असता. कालमनने राणीचा रंग बदलला, ती करामत त्याची. खिडकीतला चावटपणा मात्र आपण स्वतः घरून आणलेला असतो. मला हे कालमनपेक्षा भारी वाटतं.

आता खरं बोलायचं तर सगळ्या खिडक्या मला आवडत नाहीत. विनोद बहुतेक वेळा बाईच्या पदराभोवतीच फिरतो, आणि सलग दहा पाहिल्या की कंटाळा येतो. तरी यांचं पुस्तक व्हावं, असं मनात आलं आणि उत्साहात एका प्रकाशकांना फोन लावला. त्यांना कल्पना आवडली. ‘‘पण डाय-पंचिंगचा खर्च कोण करणार? आपण बंद चित्र डाव्या पानावर छापू आणि उघडलेलं उजव्या.’’

म्हणजे जोक आणि त्याचा खुलासा शेजारीशेजारी! त्यापेक्षा रद्दीत गेलेलं बरं.

घरी येऊन ट्रंक नीट बघायला बसले, तर आणखी एक धक्का. आमच्या अंकातली एकही खिडकी उघडेना! खिडकीचं पान आणि खालचं पान, दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली. मला वाटलं, दमट हवेने झालं असेल. पण बाकीची पानं सुटी होती. एकाला किटलीची वाफ देऊन पाहिली, तर कागद फाटला आणि आतून वाळलेलं भाताचं शीत निघालं.

आजीला विचारलं. ती लसूण सोलत होती, मानही वर केली नाही.

‘‘मीच चिकटवल्या. तुझ्या दोन्ही आत्या वाढत्या वयाच्या, दहा बाय बाराची खोली. अंक लपवणार कुठे?’’

‘‘अगं, पण मग वरचं चित्र तरी...’’

‘‘वरच एवढं, तर आत काय काय असेल!’’

म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षं त्या चित्रांचा फक्त चावट अर्धा भाग शिल्लक होता. निरुपद्रवी अर्धा भाग आजीने शितांनी बंद करून टाकला होता, आणि तोही मुलींना वळण लागावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दादरला उतरून जुन्या अंकांच्या विक्रेत्यांकडे शोधाशोध केली. दुसऱ्या दुकानात गठ्ठ्यातलाच एक अंक मिळाला, खिडक्या शाबूत. घासाघीस न करता घेतला आणि थेट आजीच्या मांडीवर ठेवला. तिने आधी पदराला हात पुसले. वरचं चित्र तिला आठवत होतं, नाक मुरडलं. मग पान उलटलं. चष्मा सारखा केला. परत मागे आली, परत पुढे गेली.

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

‘‘मग हे एवढ्यावर हसायचे?’’

आजोबा आणि शेजारचे दोघंतिघं गॅलरीत उभे राहून अंक बघत आणि खो खो हसत, हे तिने मला पूर्वीही सांगितलं होतं. आता तिने आणखी चार खिडक्या उघडल्या. चौथीला तिला हसू फुटलं, तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत राहिली.

मग अंक मिटून म्हणाली, ‘‘बाय, त्या दिवाळीत मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते गं.’’