चार तारांसाठी मोहाडी!

लोक वीकेण्डला लोणावळ्याला जातात, फार तर अलिबागला. मी गेले मोहाडीला. तेही एक जुनी बेस गिटार आणायला!

ऑफिसात काम करणाऱ्या मित्रमंडळींना हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, 'कुठली मोहाडी?' प्रश्न बरोबरच होता. एक मोहाडी धुळ्याला आहे, एक नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात आहे. मला जायचं होतं ते पार दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला. दुसरा प्रश्न मात्र जास्त बोचला. 'तिथे बेस गिटार कोण विकतंय?'

झालं असं, की आमच्या हौशी बॅण्डमधला बेसवाला नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि मी, चार वर्षं रिदम गिटार खाजवणारी, त्याच्या जागी उभी राहिले. नवीन बेस घ्यायचा तर फ्रीलान्सरच्या खिशाला आग लागते. तेवढ्यात तुमसरच्या एका मैत्रिणीने सांगितलं, 'आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांच्या माळ्यावर एक पडून आहे. देतील बहुतेक.' काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. त्यात ते वाजवत होते, बोटं हलत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. फक्त टकटक. मी फोन केला, तर काका म्हणाले, 'बेस फोनमधून कायले ऐकू येईल? ये न इकडे.'

खरं होतं ते. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, तर तिची कंपनं सेकंदाला जेमतेम ४१. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ती झेपतच नाहीत. बेस ऐकायचा तर त्याच्या खोलीत जावं लागतं. गेले!

एक रात्र, एक दिवस

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट जाते. कोल्हापूरहून निघून गोंदियापर्यंत, म्हणजे राज्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. रात्री बसायचं आणि दुसरा अख्खा दिवस खिडकीत काढायचा. नागपूर गेलं की डब्यातली भाषा बदलते. 'करतोय'चं 'करून राहिला' होतं आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक गोड 'जी' लागतो. स्टेशनाचं नाव भंडारा रोड, पण ते आहे वरठीला. भंडारा शहर तिथून लांब. स्टेशनावरून भंडारा-तुमसर रस्ता पकडायचा, की मोहाडी येते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान. आपण ज्याला भातशेती म्हणतो, त्याला इथे धानच म्हणायचं. मधेमधे तळी आणि बोड्या, बांधावर झाडं, कुठे राईस मिलच्या शेजारी कोंड्याचा डोंगर. जीआय मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ याच जिल्ह्यातला. मोहाडी हे तालुक्याचं गाव. तहसील कार्यालय, बाजार, चौंडेश्वरी मातेचं मंदिर आणि नवरात्रात तिथे होणारी गर्दी, ही गावाची ओळख. मॉल नाही, कॅफे नाही. पण चौकात गरमागरम आलूबोंडा आणि वर ओतलेली तर्री मिळाली आणि वीस तासांचा प्रवास वसूल झाला!

काकांची पार्टी

काका सत्तरीच्या जवळचे. आयुष्यभर एका राईस मिलमध्ये हिशेब बघितले आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. लग्नं, गणपती, शारदोत्सव, सगळं केलं. सात जणांची पार्टी, भाड्याची मेटाडोर आणि दोन भोंगे. सुपरहिट हिंदी गाणी कॅसेटवरून ऐकून बसवायची. कॅसेटमध्ये बेस शोधायचा म्हणजे मोठं काम. काका टेपरेकॉर्डरला कान लावून बसत, ट्रेबल पूर्ण उतरवत आणि तीच ओळ पन्नासदा मागे नेत.

'आर. डी. बर्मनचे गाणे बसवताना घाम निघे,' ते म्हणाले. त्यात नवल नाही. पंचमदांच्या ऑर्केस्ट्रात टोनी वाझसारखा बेसवादक होता. पडद्यावर नाव नाही, पोस्टरवर फोटो नाही, पण ती गाणी ज्यावर उभी आहेत ती जमीन या लोकांनी घातलेली. बेसचं दुःख हेच आहे. तो असतो तेव्हा कोणी विचारत नाही आणि नसला की सगळे म्हणतात, 'काहीतरी कमी वाटतंय बुवा.'

मग कीबोर्ड आला. एकाच माणसाच्या डाव्या हातात बेस, उजव्या हातात बासऱ्या आणि व्हायोलिनं. सात जणांचे चार झाले. त्यानंतर डीजे आला आणि चारांचे शून्य. झाडीपट्टीतली नाटकं मात्र टिकून आहेत. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर नाटक रंगतं. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. 'तुम्ही नाटकात का नाही गेलात?' मी विचारलं. काका हसले. 'तिथं ऑर्गन पाह्यजे, तबला पाह्यजे. बेसवाल्याले कोण बोलावते जी?'

घासाघीस

माळ्यावरून पोतं खाली आलं. अक्षरशः पोतं! तांदळाच्या बारदान्याला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावून काकूंनी शिवलेलं कव्हर. आतून निघाला लाल रंगाचा, चार तारांचा, भला लांब दांड्याचा बेस. हेडवरचं कंपनीचं नाव कधीच घासून गेलेलं. अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने पार्टीचं नाव रंगवलेलं होतं. त्यातलं हाताखाली आलेलं सगळं पुसलं गेलं होतं आणि शेवटचं तेवढं उरलं होतं : 'पार्टी, मोहाडी'.

तारा गंजून तपकिरी. एक खुंटी तुटलेली. दांडा वाकलेला. काका म्हणाले, चार हजार. मी म्हटलं, तीन.

खरं सांगते, मला चारही परवडले असते. पण आपल्याला सवय असते ना, रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, सगळ्यांशी. काकांनी एकदा बेसकडे पाहिलं आणि म्हणाले, 'ने बेटा. पण भिंतीवर टांगू नको. वाजवजो.'

काकू चहा घेऊन आल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळेची भांडी ओळीने लावलेली होती. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, हे शाळेच्या भूगोलात पाठ केलं होतं, प्रत्यक्ष आज पाहिलं. काकू म्हणाल्या, 'हे वाजवत तवा माहे सारे गुंड झनझन करत. पोरं झोपत नोहोती.' आणि बेसकडे न बघता आत गेल्या.

मी पोतं खांद्याला लावलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

डागडुजी

पुण्यात पहिल्याच दुकानात सल्ला मिळाला, 'मॅडम, फेकून द्या, नवीन घ्या.' दुसरीकडे म्हणाले, 'रंग काढून पॉलिश मारू, विण्टेज दिसेल.' तिसरा एक कारागीर भेटला. त्याने बेस मांडीवर घेतला, दांड्यावरून डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, 'लाकूड जिवंत आहे.' बस्स, तिथेच ठरलं.

बरंचसं काम मी घरीच केलं. गंजलेल्या तारा उतरवल्या. ब्रिजचे स्क्रू जाम झाले होते, त्यांना रात्रभर तेल पाजलं. फ्रेटच्या मधल्या लाकडावर वर्षानुवर्षांच्या घामाचा थर होता. तो जुन्या टूथब्रशने काढला आणि लाकडाला तेल दिलं. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण पन्नासदा फिरवलं, अर्धी खरखर गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी नवीन पॉट घातला. जॅकची सुटलेली वायर सोल्डर केली आणि बोट भाजून घेतलं.

मग मी शहाणपणा केला. दांड्याच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांचा ताण दांड्याला पुढे ओढतो आणि ही सळई त्याला मागे धरून ठेवते. काकांनी तारा कधी सैल केल्या नव्हत्या, म्हणून दांडा धनुष्यासारखा झाला होता. मी ॲलन की लावली आणि जोरात अर्धा फेरा मारला. कर्रर्र! माझ्या पोटात गोळा आला. रात्री अकराला कारागिराला फोन केला. तो भडकलाच. 'पाव फेरा फिरवायचा आणि झोपायचं! लाकडाला एक रात्र द्यायची असते.' नशिबाने तडा गेला नव्हता. पुढचं काम त्याने आठवडाभर रोज थोडं थोडं केलं.

तारा १६००, खुंट्या ९००, पॉट आणि जॅक ३५०, कारागीर १५००. एकूण ४,३५०. तीन हजारांच्या वस्तूवर! आणि मी हजार रुपयांसाठी घासाघीस केली होती.

नवीन तार चढवताना मनात आलं, तारा बदलायच्या तरी का? मोटाउनचा दिग्गज जेम्स जेमर्सन म्हणे तारा क्वचितच बदलायचा. त्याचा १९६२ चा लाडका फेंडर बेस १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. पॉल मॅकार्टनीचं नशीब बरं. त्याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेला, तो एका घराच्या माळ्यावर सापडला आणि पन्नासहून जास्त वर्षांनी त्याच्याकडे परत आला. २०२४ मध्ये ही बातमी जगभर गाजली. म्हणजे माळ्यावरचे बेस ही फक्त मोहाडीची गोष्ट नाही!

रंगाचा प्रश्न मात्र उरला होता. बॅण्डमधल्या मुलांचं मत होतं, मॅट ब्लॅक मार, एकदम कूल. मी सॅण्डपेपर आणलासुद्धा. पण कव्हरच्या आत, लुगड्याच्या अस्तराला शिवलेल्या खिशात, चौपदरी घडी घातलेला कागद सापडला. तीस-पस्तीस गाण्यांची यादी, प्रत्येकापुढे पट्टी : काळी एक, पांढरी चार, काळी पाच. तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'पाठवणीच्या वेळी हळू.' मी सॅण्डपेपर ड्रॉवरमध्ये टाकला. 'पार्टी, मोहाडी' आहे तसं आहे.

परत मोहाडी

भाऊबीज झाली की या भागात मंडईचा सीझन सुरू होतो. आज या गावात, उद्या त्या गावात. जत्रा, दंडार, पाहुणेरावळे आणि रात्री नाटक. मी काकांना न कळवता निघाले. एका खांद्यावर पोतं, दुसऱ्या हातात उसना आणलेला तीस वॉटचा अ‍ॅम्प. भंडाऱ्याच्या एसटीत कण्डक्टरने विचारलं, 'यात काय आहे जी?' म्हटलं, बेस. तो म्हणाला, 'बसा मग.'

काकांनी बेस हातात घेतला. आधी अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग जाड तार छेडली. मग दुसरी. बोटं पहिल्यांदा चुकली, मग सापडली. गाणं कोणतं ते मला ओळखू आलं नाही, कारण वरचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं, खोलीत फक्त खालचं होतं.

आणि फळीवरचा एक गुंड झणझणायला लागला. मग दुसरा.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'बंद करा जी, भांडे पडतीन.' पण त्या तिथेच उभ्या होत्या आणि काकांनी बंद केलं नाही.

निघताना मी हजार रुपये काढले. काकांनी ते परत माझ्या पर्समध्ये कोंबले. 'पैसे नको. दरसाल मंडईले आण याले. दोन दिवस ठेवजो.' मी हो म्हटलं. आता दरवर्षी एक रात्र, एक दिवस प्रवास आला. लोणावळा कॅन्सल!

सेकंडहॅण्ड बेस घेताना

- तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ कागदाएवढी फट दिसली तर उत्तम. काडेपेटीची काडी जाईल इतकी असेल तर दांडा वाकलाय.
- ट्रस रॉड आहे का आणि फिरतो का, ते विचारा. स्वतः फिरवू नका (माझ्याकडून शिका!).
- अ‍ॅम्पला लावून प्रत्येक बटण फिरवा. खरखर दुरुस्त होते, दांड्याचा तडा सहसा महागात पडतो.
- बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक सारखा येतो का, ते ऐका.
- व्हिडिओवर भरवसा ठेवू नका. समोर बसून ऐका.
- आणि घासाघीस करण्याआधी, चहा पिऊन घ्या.

कसं जाल?

रेल्वेने भंडारा रोड (वरठी) किंवा तुमसर रोड. नागपूरहून भंडारा साधारण साठ किलोमीटर, तिथून तुमसर रस्त्याने मोहाडी. जायचं तर दिवाळीनंतर. धान कापणीला आलेलं असतं, हवा मस्त असते आणि कुठल्या ना कुठल्या गावात रात्री नाटक असतंच!