परिचर्येचे प्रात्यक्षिक आणि विद्यार्थिनींचे अभिप्राय

संपादकांनी रुग्णसेवेतील अनुभव लिहून पाठवावेत असे कळवले, तेव्हा वाचकांना वॉर्डातील करुण प्रसंगांची अपेक्षा असणार हे मी जाणून होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात कसारा परिसरातील उपकेंद्रांवर बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना घेऊन गेले असता, पोस्टिंगच्या अखेरीस ज्या निनावी चिठ्ठ्या मी त्यांच्याकडून मागवल्या, त्यांपैकी एकीने माझ्या मनाचा घेतलेला ताबा अद्याप सोडलेला नाही, म्हणून मी त्या चिठ्ठीविषयीच लिहिते. तिचा मजकूर असा होता : "मॅडम, कॉलेजात सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येते का पाहायला शिकवतात. उपकेंद्रातल्या सिस्टर तसे करत नाहीत. विचारले तर तुम्ही म्हणता, इथे सिस्टर सांगतात तसे करा. मग खरे कोणते?"

अनेक वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम केल्यानंतर मी अध्यापनाच्या जागेवर रुजू झाले आहे, आणि हा प्रश्न माझ्या विषयातील एका जुन्या वादाच्या गाभ्याशी जाऊन भिडणारा असल्यामुळे वाचकांनी थोडा तपशील सोसावा अशी विनंती आहे. स्नायूत द्यायची इंजेक्शने पूर्वी बहुधा नितंबाच्या मागील भागात दिली जात. तेथून मोठ्या रक्तवाहिन्या जात असल्यामुळे सुई रक्तवाहिनीत शिरली नाही ना, याची खात्री करण्यासाठी दट्ट्या मागे ओढण्याचा प्रघात पडला, आणि तो त्या जागेपुरता सयुक्तिकही होता. पुढे लसीकरणाची जागा बदलली. तान्ह्या बालकास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात द्यायची पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या मध्यभागी, पुढच्या बाहेरील बाजूस दिली जाते, आणि तेथे भीती बाळगावी अशी मोठी रक्तवाहिनीच नाही. उलट, दट्ट्या नीट ओढून पाहायचा तर काही सेकंद सुई मांसात थांबवावी लागते, ती हलते, आणि मूल अधिक कळवळते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी जी भूमिका प्रसिद्ध केली, तीत ही ओढाताण करू नये असे स्पष्ट सांगितले. शिवाय लसीकरणाची एडी सिरिंज तिचा पुनर्वापर होऊ नये म्हणून मुद्दाम अशी घडवलेली असते की तिचा दट्ट्या एकदा मागे व एकदा पुढे जातो आणि मग अडकतो. म्हणजे उपकेंद्रातील सिस्टरांचे आचरण आळसाचे नव्हते. त्यांच्या हातातील साधन आणि आजचे शास्त्र या दोहोंना धरून होते. मात्र नितंबाच्या मागील भागात पेनिसिलीन देण्याचा प्रसंग आला, तर तेथे जुना नियम मी अजूनही मोडू देत नाही. नियम टोचण्याच्या क्रियेला जोडून शिकवला जातो आणि जागेला जोडून शिकवला जात नाही, या एवढ्याच गोष्टीमुळे पिढ्यान्‌पिढ्या घोटाळा चालू आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे सारे त्या मुलीला तिथल्या तिथे सांगणे शक्य होते. परंतु लसीकरणाच्या दिवशी मातांची रांग लागलेली असते, आणि "इथे सिस्टर सांगतात तसे करा" हे वाक्य रांग पुढे सरकवते, शंका मात्र आहे तेथेच राहते. चिठ्ठी आली नसती तर ती शंका मुलीबरोबर कल्याणच्या लोकलने परत गेली असती.

आमच्या दफ्तरात विद्यार्थिनींच्या अभिप्रायाचे छापील तक्तेही असतात : अध्यापिका वेळेवर येते काय, विषय स्पष्ट करते काय, एक ते पाच गुण द्यावेत. त्या गुणांची सरासरी मला दरवर्षी कळवली जाते, आणि त्यातून मी काय बदलावे हे मला कधीही समजलेले नाही. 2017 साली अट्‌ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून दाखवले की शिक्षकाला मिळणारे गुण आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांचा संबंध आढळत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना काही विचारूच नये, असा निष्कर्ष काही सहकारी काढतात, तो मला सर्वथा अमान्य आहे. जॅक एंडे यांनी 1983 मध्ये वैद्यकीय शिक्षणातील अभिप्रायाविषयी जे लिहिले, त्याचा आशय असा की अभिप्राय वेळेवर, नेमका आणि डोळ्यांनी पाहिलेल्या कृतीविषयी असावा. ही कसोटी विद्यार्थिनीने शिक्षिकेला दिलेल्या अभिप्रायासही तितकीच लागू पडते. दट्ट्याविषयीची चिठ्ठी त्या कसोटीस पुरेपूर उतरते. पाचपैकी चार हा शेरा मुळीच उतरत नाही.

दुसऱ्या एका चिठ्ठीत लिहिले होते : "हात धुण्याच्या पायऱ्या पाठ आहेत. पाड्यावर पाणी नव्हते." ज्या शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा जलाशयांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे मुलींना वर्तमानपत्रांतून ठाऊक असते, पण साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद हात धुवावेत असे सांगणाऱ्या शिक्षिकेने घरच्या एकुलत्या हंड्यासमोर काय करावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. आता आम्ही हे प्रात्यक्षिक नळाशिवाय करतो : एकीने तांब्याने बारीक धार धरायची, दुसरीने हात चोळायचे, हात दिसण्यात स्वच्छ असतील तर वीस-तीस सेकंद अल्कोहोलचे द्रावण पुरते, आणि रक्त वा मळ लागलेला असेल तर ते पुरत नाही, हा फरक त्यांनी स्वतः उच्चारून दाखवायचा.

लोकांचा एक आक्षेप असतो की शिकाऊ मुली गरिबांवर हात बसवून घेतात. या आक्षेपाने मी रागावते आणि अस्वस्थही होते, कारण त्यात तथ्य अजिबात नाही असे मला शपथेवर सांगता येणार नाही. कातकरी वा ठाकूर वस्तीतील माता नकार देण्यास कचरते, आणि तिच्या कचरण्यालाच संमती समजणे सोपे असते. म्हणून मुलीने आपण शिकत आहोत हे आधी सांगावे आणि नकार मिळाल्यास सुई सिस्टरांच्या हाती द्यावी, असा नियम मी केला आहे. अनेक चिठ्ठ्यांत आणखी एक तक्रार होती, की रुग्णासमोर चूक दाखवल्यास रुग्ण पुन्हा त्यांच्याकडून काही करून घेत नाही. औषध किंवा मात्रा चुकत असेल तर मी हात तिथेच धरीन, त्यात तडजोड नाही. कारण मात्र व्हरांड्यात आल्यावर सांगते, आणि त्याच दिवशी सांगते.

चिठ्ठ्या मी आता पोस्टिंगच्या अखेरीस न मागता दर संध्याकाळी मागते, आणि दुसऱ्या सकाळी काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकीचे उत्तर सर्वांसमोर देते. ज्या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नसते तो सिस्टरांपुढे ठेवते, ज्यामुळे त्यांचा अनुभवही अध्यापनाच्या खात्यात रीतसर जमा होतो. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तपासणी-तक्त्यात मात्र 'दट्ट्या मागे ओढून पाहिला' या टप्प्याला अद्याप गुण आहे. तो टप्पा 'इंजेक्शनच्या जागेनुसार' अशा शब्दांनी बदलावा, असा अर्ज मी संस्थेकडे केला आहे, आणि त्या मुलीच्या चिठ्ठीची नक्कल, तिचे अक्षरवळण ओळखू येऊ नये म्हणून माझ्या हाताने लिहून, त्यास जोडली आहे.