घोडीवाल्याविरुद्ध अर्ज

लग्नाच्या धंद्यात एक न लिहिलेली शिस्त असते. आचाऱ्याच्या भटारखान्यात डोकावायचं नाही, बँडमधल्या पोरांचं वय विचारायचं नाही आणि घोडीची झूल उचलून बघायची नाही. वैरागमध्ये माझं मंगल कार्यालय आहे, शिवाय मंडप, भांडी, खुर्च्या भाड्याने देतो. ही शिस्त मी इमानेइतबारे पाळत आलो. जनावराचे हाल दिसले तर सरकारदरबारी कळवावं, असं कुणी म्हटलं की मला ती शहरातल्या रिकामटेकड्यांची हौस वाटायची. गावात माणूस माणसाला तोंडावर सांगतो. अर्ज करायचा म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय द्यायचा. आज मी तसं म्हणत नाही. पण तेव्हाची माझी कारणं अगदीच फडतूस नव्हती, म्हणून आधी ती सांगतो.

पहिलं कारण कायदाच. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा आपला कायदा 1960 चा. त्याच्या 11 व्या कलमात जनावर उपाशी-तहानलेलं ठेवणं, जखमी असताना कामाला लावणं, वाऱ्यावर सोडून देणं, हे सगळे गुन्हे मोजलेत. शिक्षा? पहिल्या खेपेला कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वरातीत नवरदेवावरून ओवाळलेल्या नोटा याहून जास्त भरतात. एवढ्यासाठी रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस तोडायचा?

दुसरं कारण घोडीवाल्याचं कॅलेंडर. तुळशीचं लग्न झालं की त्याचा हंगाम सुरू, आषाढ लागला की संपला. तिथी दाट असली की सकाळी एका गावाला, संध्याकाळी दुसऱ्या गावाला. चातुर्मासात मात्र घोडी खाते आणि कमवत काही नाही. आमचा भाग ज्वारीचा, तरी कडबा काही फुकट मिळत नाही. मग हरभऱ्याची चंदी आधी बंद होते, नंतर कडबा निम्म्यावर येतो आणि शेवटी दावं सोडून तिला रस्त्यावर पोट भरायला मोकळं करतात. यात दुष्टपणा कमी, हिशेब जास्त. तो हिशेब मला समजत होता, कारण तिथी नसल्या की माझंही कार्यालय ओस पडतं.

आता त्या घोडीबद्दल. पांढरी नुकरा, अंगाने देखणी, पंचक्रोशीत मागणी असलेली. एप्रिलमधलं लग्न, मुहूर्त भर दुपारचा. नवरदेव उतरला आणि घोडीवाल्याने तिला मागे जनरेटरशेजारी नेऊन बांधलं. मी डिझेल बघायला तिकडे गेलो होतो. तो तंग सैल करत असताना जरीची झूल सरकली. पुढच्या पायामागे, तंग आवळतात बरोबर तिथं, तळहाताएवढी जखम. तिच्यावर हळद आणि कसलं तरी काळं तेल थापलेलं, कडेने माश्या. खूर कित्येक दिवसांत कापलेले नसावेत, कोल्हापुरी चपलेच्या टोकासारखे वर वळले होते. लगामाने ओठाचा कोपरा चिरला होता. मी बादली पुढे केली, तिने मान वर न काढता संपवली. दुसरी भरायला गेलो तर घोडीवाला म्हणाला, "मालक, लई पाजू नका, संध्याकाळी उपळ्याला वरात आहे."

लग्नाला आलेल्या भाचीने, ती पुण्यात शिकते, फोटो काढून ठेवले होते. म्हणाली, "मामा, कळव ना कुणाला तरी." मी म्हटलं, ओळखीतला माणूस आहे, मी बघतो.

आणि माझ्या परीने बघितलंही. हंगाम संपताना त्याला उचल दिली, हरभऱ्याचं पोतं पाठवलं, चार शब्द समजुतीचे सांगितले. त्याने मान डोलावली. ऐन पावसाळ्यात तीच घोडी बार्शी रस्त्याच्या कडेला कचऱ्यात तोंड घालून उभी दिसली. पोत्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्याच्या घरी पोरीचं बाळंतपण होतं, एवढं मला ठाऊक होतं. माझी मदत त्या घराला झाली, त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त ती घोडीपर्यंत गेली नाही, कारण गेली की नाही हे बघायला कुणी बांधील नव्हतं. मीसुद्धा नव्हतो. माझ्या मताचा पाया तिथं पहिल्यांदा हलला.

पुढचं शिक्षण जनावरांच्या डॉक्टरांकडे झालं. म्हशीच्या औषधासाठी गेलो आणि विषय काढला. ते म्हणाले, तुम्ही दंडाच्या आकड्यावर अडकलात, त्याच कायद्यातली पुढची कलमं वाचा. 34 व्या कलमाखाली कॉन्स्टेबलपेक्षा वरच्या हुद्द्याचा पोलीस जनावर तपासणीसाठी ताब्यात घेऊ शकतो. 35 व्या कलमाखाली कोर्ट त्याला उपचाराला ठेवू शकतं, खर्च मालकाकडून. आणि गुन्हा शाबीत झाल्यावर, जनावर त्याच्याच हाती राहिलं तर पुन्हा हाल होतील असं कोर्टाला वाटलं, तर 29 व्या कलमाने मालकीच जाते. "पण तिथवर जावंच लागत नाही," ते म्हणाले. "पशुवैद्यकाने तपासून कागदावर लिहिलं की बहुतेक मालक ऐकतात. तोंडी सांगणं आणि लेखी सांगणं यात फरक असतो की."

अर्ज कसा लिहायचा तेही त्यांनीच सांगितलं. विशेषणं काढून टाका. जखम कुठं आणि केवढी, कोणत्या तारखेला पाहिली, जवळ पाणी-सावली होती का, कुठल्या पायावर भार टाकत नाही, बरगड्या मोजता येतात का, एवढंच लिहा, फोटो जोडा. उपचारासाठी 1962 हा पशुसंवर्धनाचा फोन आहे. एक प्रत सोलापूरला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जी प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते तिला. मी खाली माझं नाव घातलं. निनावी अर्ज मला अजूनही आवडत नाही, तेवढा जुना हट्ट शिल्लक आहे.

तपासणी झाली. जखम धुतली गेली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घोड्याला तो फार लवकर धरतो. खूर कापायला नालबंद बाहेरून आणावा लागला. जखम भरेपर्यंत खोगीर चढवायचं नाही, हे लेखी आलं. आणि घोडीवाला माझ्या दारात येऊन, आल्यागेल्यासमोर, मला नको नको ते बोलला. त्याचा राग कामाच्या खाड्याचा नव्हता. "रक्त काढून नेलंय तिचं. ग्लँडर्स निघाला तर मारून टाकतात, माहिती आहे का तुम्हाला?" मला माहिती नव्हतं. हा रोग घोड्यातून माणसात येतो, म्हणून बाधित जनावर उपचार न करता मारावं लागतं. मालकाला भरपाई मिळते, पण भरपाईवर बसून नवरदेव येत नाही. नमुना हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला होता. अहवाल चांगला आला तोपर्यंत त्याच्याइतकीच माझीही झोप उडाली होती. पण नाकातून पाणी गळणारी घोडी लेकराबाळांच्या गर्दीत नाचवणं हा एकट्या मालकाचा खाजगी मामला कसा असेल, हेही मला त्याच दिवसांत पटलं.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचं प्रकरण मी नंतर नीट समजून घेतलं. त्या शहरात प्राण्यांसाठीची संस्था 1874 पासून आहे, परळचं जनावरांचं इस्पितळ 1883 पासून. तरीही घोडे रात्री-अपरात्री डांबरावर पळत राहिले आणि विनापरवाना तबेल्यांत उभे राहिले. शेवटी एका धर्मादाय न्यासाच्या याचिकेवर जून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मौजेसाठीच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, बंद करायला वर्षाची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्याचा धंदा एका निकालाने संपला आणि गाडीवाल्यांना पर्याय मिळायला त्यानंतरही वाट बघावी लागली. निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण तंगाखालच्या जखमेवर, खुरावर, पाण्यावर वेळच्या वेळी कुणी लिहीत गेलं असतं, तर गोष्ट इतकी टोकाला गेली असती का? गरीब आहे म्हणून गप्प बसणारा माणूस त्या गरिबाला जप्तीच्या दिशेनेच ढकलत असतो. मी त्यालाच माणुसकी म्हणत होतो.

अर्ज म्हणजे जादू नव्हे. ताब्यात घेतलेलं घोडं ठेवायचं कुठं, याला आमच्याकडे उत्तर नाही. गाईसाठी गोशाळा सापडते, घोड्याला कुणी दारात उभं करत नाही. आणि मालकाने अकलूजच्या बाजारात विकून टाकलं तर माझा अर्ज काही त्याच्या मागे जात नाही.

आता कार्यालयाच्या करारात मी एक ओळ घातली आहे: उन्हाळ्यात दुपारी 12 ते 3 घोडी लावायची नाही. मनाने घातलेली नाही. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत, पारा 37 अंशांच्या वर असेल तर या वेळात काम घेऊ नये असं त्यांत म्हटलंय. आमच्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये 37 म्हणजे गारवा. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर 70 किलोंपेक्षा जास्त वजन नको असंही आहे. नवरदेव ओझ्यात धरायचा की नाही यावर वकिलांनी भांडावं, पण हल्लीचे नवरदेव बघता मी त्या फंदात पडत नाही. या ओळीपायी दोन बुकिंग गेली. एक वधूपिता म्हणाले, "साडेबाराचा मुहूर्त आहे, जावई काय पायी येणार?" मी म्हटलं, जीपमधून आणा.

घोडीवाला वर्षभराने बोलायला लागला, तोही भांडायलाच. "अर्ज करता येतो, मग सावली कुणी करायची? कार्यालय तुमचं, पैसे तुमचे, घोडी माझी तापते." यावर मला बोलायला जागा नव्हती. जनरेटर हलवला, तिथं पत्र्याचं छप्पर टाकलं, खाली सिमेंटची टाकी बांधली. आता तो म्हणतो, पत्रा दुपारी तापतो, वर कडबा अंथरा. त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण यंदा कडब्याचा भाव विचारून मी परत आलो.