दुसरी सनद

रात्री नऊच्या सुमारास शेवटचा रोगी जिना उतरून गेला, म्हणजे मी दवाखान्याचे शटर अर्धे ओढून घेते, आणि ज्या खुर्चीवर दिवसभर माणसे आ वासून पडलेली असतात तिच्या उशाच्या जागी रबरी गालांचे, डोळे नसलेले एक शिर पक्के बसविते. आमच्या व्यवसायात त्याला फॅन्टम हेड म्हणतात. त्याच्या जबड्यांत प्लॅस्टिकचे दात स्क्रूने आवळलेले असतात, आणि भिलाईच्या नेहरू नगरात एकवीस वर्षे जित्या माणसांचे दात कोरल्यानंतर, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी त्या दातांवर पुन्हा श्रीगणेशा गिरवीत आहे.

यजमानांची नोकरी दोन वर्षांपूर्वी शेफील्डला गेली. पोलादाच्या एका गावातून ते पोलादाच्या दुसऱ्या गावी गेले, आणि मुलीची बारावी पुरी होईपर्यंत मी मागे राहिले. तेथे दात कोरावयाचे तर जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढावे लागते, आणि त्यासाठी माझ्यासारखीने धरावयाची वाट म्हणजे ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एग्झॅमिनेशन ही दोन भागांची परीक्षा. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाखाली मिळालेली माझी पहिली सनद भिंतीवर चौकटीत आहे, ही दुसरी. अर्जासोबत पदवीची साक्षांकित नक्कल, राज्य दंतपरिषदेचा सद्वर्तनाचा दाखला, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि किमान १,६०० तास रोग्यांवर प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा, असा सारा दस्तऐवज रुजू करावा लागला. तासांचा हिशेब जुन्या वह्यांतून सहज निघाला. त्या तासांनी माझ्या हाताला कोणते वळण लावले, ह्याची नोंद मात्र कोणत्याच दप्तरी नव्हती.

संगणकावर द्यावयाच्या दोन प्रश्नपत्रिकांचा पहिला भाग मी गतवर्षी लंडनला जाऊन उत्तीर्ण झाले. दुसऱ्या भागाची अंगे चार: ह्या शिरावर तीन तासांचे हातकाम, निरनिराळ्या प्रसंगांतून घेतलेली कौशल्याची पारख, निदान व उपचारयोजना, आणि आकस्मिक वैद्यकीय संकटे. शेवटच्या अंगाचा सराव बाबांना समोर बसवून होतो; ते धाप लागल्याचे सांगतात आणि मी अ‍ॅड्रिनलिनचे ५०० मायक्रोग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावयाचे, अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चघळावयास द्यावयाची, छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, असे मोठ्याने म्हणते. पाठांतराला श्रम पडतात, इतकेच.

निदानाच्या अंगाने मला अधिक विचार करावयास लावले. माझ्याकडे येणारी खेड्यातली बाई ‘दाँत पिरावत हे’, दात दुखतो, एवढेच म्हणते, आणि तंबाखूचा गुडाखू घासून काळवंडलेल्या तिच्या हिरड्या पाहत मी पुढचे काढून घेते. पण मराठी घरातले माणूस आले तर निम्मे निदान त्याच्या क्रियापदातच असते. थंड पाण्याने दात शिवशिवतो, म्हणजे आतला मज्जातंतू अजून वाचण्याजोगा आहे. रात्री आडवे झाल्यावर ठणकतो, म्हणजे तो बहुधा गेला. चावताना एकदम कळ येते, म्हणजे दाताला तडा गेला आहे काय हे पाहावे. हे शब्द मी कधी शिकले नाही, ते आईच्या तोंडून आले. इंग्रजीत ह्याच वेदनांची नावे मी वहीत उतरवून पाठ करते, आणि परक्या तोंडातली कळ ओळखण्यासाठी आपल्या भाषेने मला आजवर किती मदत केली, हे त्या वहीमुळे मला प्रथमच उमगले.

परंतु खरा झगडा होता तो प्लॅस्टिकच्या दाताशी. खरा दात कोरताना वरचे एनॅमल बरला, म्हणजे कोरण्याच्या फिरत्या टोकाला, प्रतिकार करते, त्याचा एक कोरडा, उंच स्वर असतो. ते संपून डेंटीन लागले की स्वर उतरतो, बर लोण्यात शिरल्यासारखा पुढे सरकतो आणि बोटाला कळते की आता जपावे. प्लॅस्टिकला असे थर नसतात. ते आरंभापासून अखेरपर्यंत एकाच मऊपणाने कापले जाते आणि त्याचा जळका वास नाकात राहतो. मी आजवर डोळ्याने कोरते असे समजत होते. पहिल्याच आठवड्यात ध्यानी आले की कुठे थांबावे हे मला दातच सांगत होता, आणि तो गप्प झाल्याबरोबर माझा हात दिशाहीन झाला.

कॅप बसविण्यासाठी दाढ चोहोबाजूंनी कोरावी लागते. वरून दीड ते दोन मिलिमीटर, आणि बाजूच्या भिंती किंचित वर निमुळत्या होत जाणाऱ्या. कोरण्यापूर्वी दाढेवर पुट्टीचा साचा घ्यावयाचा, तो मधोमध कापावयाचा आणि कोरल्यावर परत बसवून फट पाहावयाची, म्हणजे किती काढले ते दिसते. माझ्या कामाची फट बाबा पाहत. बाबांनी नोकरीची सारी वर्षे भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये गेज लावून रुळांचे माप तपासण्यात घालविली, आणि ज्या फोरमनने त्यांना हे काम शिकविले तो स्वतः रशियन तंत्रज्ञांच्या हाताखाली तयार झालेला होता. त्यांनी भिंग डोळ्याला लावून साचा दिव्यापुढे धरला आणि म्हटले, “मागच्या कोपऱ्यात काहीच निघालं नाही, आणि गालाकडची भिंत फार कललीय.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. नवव्या दिवशी त्यांनी सर्व साचे टेबलावर ओळीने मांडले. “चूक रोज एकाच जागी होतेय, बेटा. म्हणजे ही चूक नाही, सवय आहे. कुठून लागली ते बघ.”

ती कुठून लागली हे शोधण्यास मला फार दूर जावे लागले नाही. आमच्या भागात गुटखा आणि सुपारी ह्यांनी गालाच्या आतले अस्तर दोरीसारखे ताठर झालेली माणसे रोज येतात. निरोगी तोंडात माणसाची स्वतःची तीन बोटे उभी मावतात, ह्यांच्या तोंडात एक मावते, क्वचित तेही नाही. अशा तोंडात मागच्या दाढेवर हँडपीस सरळ धरता येत नाही. तो गालाच्या बाजूने तिरपा घालावा लागतो, मनगट कलवावे लागते, आणि मागचा कोपरा आरशात दिसेल तेवढाच गाठावा लागतो. ह्या माणसांसाठी माझा हात वाकला, आणि तसा वाकला नसता तर त्यांना मी परत धाडले असते. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. वाईट ह्याचे वाटले की रबरी गालांचे हे तोंड पुरते उघडे असताना हात वाकलेलाच राहिला. मग जी निरोगी तोंडे उघडी होती, त्यांतही तो तसाच वाकत आला असला पाहिजे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भिंती अधिक कललेल्या असल्या की कॅपला धरून राहण्यास आधार उरत नाही, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची कॅप दोन वर्षांत दोनदा निघाली होती, आणि दोन्ही वेळा मी सिमेंट बदलून ती परत चिकटविली होती व चिक्की खाऊ नका असे बजावले होते. चिक्की त्या खात नव्हत्या. तसे त्यांनी सांगितलेही होते.

तेव्हापासून सराव दोन प्रकारे चालतो. रात्री शिरावर, अनामिका शेजारच्या दातावर टेकवून, बरचा दांडा दाढेच्या अक्षाशी समांतर आहे की नाही हे दर मिनिटाला थांबून पाहत. आणि दिवसा प्रत्येक रोग्याच्या तोंडात आधी बोटे घालून, इथे मनगट कलविणे खरोखर आवश्यक आहे काय, असे स्वतःला विचारीत. कामाला वेळ अधिक लागतो. बाहेर बाकावर बसलेली माणसे कुरकुरतात, आणि ते रास्तच आहे. साच्यांतली फट आता बहुधा सारखी येते; मागच्या कोपऱ्यात अजून कधी कधी दोन दशांश मिलिमीटर कमी भरतात, आणि बाबा ते तारखेनिशी वहीत मांडतात.

मागच्या मंगळवारी मी त्या शिक्षिकाबाईंकडे स्वतः गेले आणि कॅप निघण्याचे कारण त्यांचे खाणे नव्हते, माझे कोरणे होते, असे सांगितले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “उद्या येऊ का?” दुसऱ्या दिवशी जुनी कॅप उतरविली. गेलेला दात परत आणता येत नाही. म्हणून कललेल्या भिंतींत समोरासमोर दोन उभ्या खाचा घेतल्या, जेणेकरून नव्या कॅपला धरण्यास काही मिळावे, आणि कड जेथे हिरडीशी मिळते तेथे थोडी खाली नेली. त्यांचे तोंड चांगले तीन बोटे उघडत होते. बर डेंटीनमध्ये शिरला तेव्हा तो उतरलेला स्वर मी कितीतरी रात्रींनंतर ऐकला, आणि माप घेण्यापूर्वी बाबांना वर बोलावून घेतले.