मुके यंत्र

न्यू जर्सीत दादाच्या घराच्या तळघरात कपाटाएवढे एक खेळाचे यंत्र आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स' त्याचे नाव. तोमोहिरो निशिकादो या जपानी गृहस्थाने १९७८ साली रचलेला हा खेळ. परग्रहावरचे ५५ प्राणी रांगांनी खाली उतरतात, आपण त्यांना टिपायचे. त्यांच्या पावलांचे सूर अवघे चार. पण प्राणी कमी होतील तसा त्यांचा ठेका जलद होतो आणि आपल्या छातीचाही. गेल्या मे महिन्यात मी गेलो, तर चित्र लख्ख, आवाज मात्र नाही. भुते चालावीत तसे ते प्राणी उतरत होते.

आम्हा भावांचेही तसेच चालले होते. २०२० साली आप्पा गेले तेव्हा विमाने बंद होती. दादाला येता आले नाही. हे कळत असूनही फोनवर मी नको ते बोललो. पुढे 'कसे आहात सगळे', 'बरे आहोत', बस्स.

दादाने मागची फळी काढली. "पडद्याच्या नळीपाशी हात नेऊ नकोस, बंद असली तरी झटका देते," असे बजावून त्याने माझ्या हाती विजेरी दिली. शेवटापासून मागे यायचे, ही त्याची रीत. स्पीकरला क्षणभर दीड व्होल्टचा सेल टेकवला, 'टक्' झाले. म्हणजे स्पीकर जिवंत. मग बोर्डावर जागोजागी इअरफोनची तार लावून तो ऐकू लागला. अर्धा तास कुठेच काही नाही! अखेर त्यानेच कपाळाला हात लावला. खेळ सुरू नसला की हे यंत्र मुळातच गप्प असते. नाणे टाकायचेच आम्ही विसरलो होतो.

मग मी पुढे खेळायला, तो मागे ऐकायला. तोंडे दिसत नव्हती म्हणून असेल, तो म्हणाला, "तिकिटासाठी मी खूप धडपडलो होतो रे. तुला सांगायचं राहिलं."

माझी तोफ फुटली. पाठोपाठ दुसरीही.

"मी विचारलंच नाही," मी म्हणालो.

"थांब, इथे येतंय!" तो ओरडला. आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या कडेच्या पायापर्यंत पावले ऐकू येत होती, मधल्या पायावर नाही. आत मळ नि गंज. यंत्र बंद करून त्याने साफ करायचा फवारा मारला, बटण वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवले. पुन्हा सुरू करून मी नाणे टाकले मात्र, ढम्, ढम्, ढम्, ढम् करीत तळघर दणाणले.

"अहो, आवाज कमी करा ना!" जिन्यावरून वहिनी.

बटण दादाच्या हाताशीच होते. त्याने ते तसेच राहू दिले आणि आणखी एक नाणे माझ्यापुढे केले.