चुकार दाणा

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, साडेपाचच्या सुमाराला, ऊन तिरकं होऊन पार्किंगमध्ये शिरलं आणि माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर टेकलं. सूर्याच्या त्या लखलखीत ठिपक्याभोवती कोळ्यानं विणावं तसं गोल गोल जाळं उमटलं होतं. मी बाजूला सरकलो तर जाळंही सरकलं. सहा वर्षं रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन ही गाडी मी पुसली, एक दिवस चुकवला नाही. जाळं माझ्याच हातांनी विणलं होतं.

खरं तर ती वर्तुळं नसतातच. बारीक ओरखडे पडलेले असतात वाट्टेल त्या दिशेला. उजेडाच्या ठिपक्याला वळसा घालणाऱ्या दिशेत जे असतात, तेवढेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे जागेवर असून गप्प राहतात. वर्षानुवर्षं घासलेल्या स्टीलच्या ताटात बल्बचं प्रतिबिंब पाहा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्यापुढे आलेलं ओलं झाड पाहा, काटक्या दिव्याभोवती गोल रचल्यासारख्या दिसतील. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात, पण ती सांगत नाही. मला काळा रंग आवडतो तो यासाठीच.

गाडीवरून हात फिरवताना आपण रंगाला शिवतही नाही. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर, गॅरेजवाल्यांच्या भाषेत क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा केस ७०च्या आसपास असतो. वडिलांच्या जुन्या फियाटला हा थर नव्हता. ते पॉलिश करायचे तेव्हा फडकं आकाशी व्हायचं आणि मला वाटायचं, गाडी थोडी थोडी फडक्यात उतरते आहे. आताच्या फडक्याला रंग लागत नाही, म्हणून आपण काही झिजवतो आहोत हे लक्षात येत नाही. धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी सुरीच्या पात्याहूनही कठीण. कोरडं फडकं फिरलं की कण त्याच्या खाली सापडतो आणि फडक्याबरोबर हिंडतो.

असा एक चुकार दाणा माझ्या जुन्या ओळखीचा आहे.

१९८५च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. हॅलेचा धूमकेतू येणार होता. पुण्यात आकाशाच्या वेडाला तोटा नाही, ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे. सहा इंचांच्या दोन जाड काचेच्या चकत्या मिळाल्या. एक टेबलावर पक्की बसवायची, तिच्यावर पाण्यात कालवलेली कार्बोरंडमची पूड, वर दुसरी काच. दोन्ही हातांनी मागे-पुढे रेटायचं, काच जराशी फिरवायची, आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. साचा लागत नाही की यंत्र. तरी वरची काच वाटीसारखी खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. याचं मला अजून नवल वाटतं. सुरुवातीला आवाज जात्यासारखा. आजी आतून विचारायची, ‘काय दळतोयस रे एवढं?’ मग पूड बदलायची. ८०, १२०, २२०, ४००, ६००. नंबर चढतो तसा दाणा बारीक होतो आणि आवाज उतरत जातो. प्रत्येक दाणा आधीच्याचे खड्डे पुसतो आणि स्वतःचे, आणखी लहान, मागे ठेवतो. अगदी शेवटी राळेच्या थरावर सीरियम ऑक्साइडची गुलाबी पेज, आणि धुरकट काच पाण्यासारखी निवळते.

दोन नंबरांच्या मधला वेळ धुण्याचा. काच, टेबल, बादली, मोरी, अंगावरचे कपडे. शिकवणारे काका दारातच विचारत, ‘हात धुतलेस? आणि नखं?’ मी नखं कापली होती, पण स्वेटरची बाही विसरलो. ६०० नंबरवर, तिसऱ्या दिवशी, काचांमधून करकर ऐकू आली. हात थांबेपर्यंत दोन इंचांची कमान आरशावर उमटली होती.

काकांनी आरसा खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, ‘हा जायला हवा असेल तर अख्खा आरसा याच्या तळापर्यंत खाली आणावा लागेल. २२०पासून पुन्हा. नाही तर राहू दे.’ तोवर मी समजत होतो की ओरखडा काढता येतो. त्याला कुणी काढत नाही. भोवतालचं सगळं त्याच्या पातळीला उतरवतात.

वेळ नव्हता. राहू दिला. मार्चमधल्या एका पहाटे सिंहगडावर, कानटोप्या घालून, आम्ही त्याच आरशातून धूमकेतू पाहिला. पिंजलेल्या कापसाचा पुंजका, कडा नसलेला. एवढ्या आरशात एक रेघ फार थोडा उजेड विखुरते. धूमकेतूचं काही अडलं नाही. आजीनंही पाहिला. तिला गडावर नेता आलं नव्हतं, तिच्यासाठी दुर्बीण दुसऱ्या पहाटे गच्चीवर चढवली. ती म्हणाली, ‘हा पुन्हा यायचा कधी?’ मी म्हणालो, २०६१. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि परत डोळा लावला.

तर रविवारी सकाळी, पत्रा थंड असताना, गाडी सावलीत घेतली. आधी नख फिरवून पाहिलं. नख अडकत असेल तर तो ओरखडा घरच्या पॉलिशनं जाणारा नव्हे. शेजाऱ्यांनी टूथपेस्ट सुचवली. मी नम्रपणे नको म्हणालो. तिचा दाणा दाताच्या इनॅमलसाठी आहे आणि इनॅमल लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असतं. कडांवर थर पातळ असतो, तिथं चिकटपट्टी लावली. दीड फुटाचा तुकडा, सगळ्यांत सौम्य पॉलिश, फोमची गादी, हलका हात. मग स्पिरिटनं पुसायचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून खोटा दिलासा देतं. मेण तर झाकायचंच काम करतं. एका वेळी एक-दोन मायक्रॉन जातात. तेवढ्यानं संध्याकाळचं जाळं पुष्कळ विरळ झालं. खोल असे चार-पाच ओरखडे उरले, ते राहू दिले. ४० मायक्रॉनची शिल्लक जपून खर्चायची असते.

पिवळं फडकं आता खिडक्यांना आहे. गाडीला दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. टपापासून खाली उतरायचं, चाकं सगळ्यांत शेवटी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. धुळीच्या गाडीवर कव्हर घालणं मला पटत नाही, वाऱ्यानं तेही घासतंच. दसऱ्याचा हार पूजा झाली की निघण्याआधी सोडून घ्यावा.

आणि उद्या सकाळी हातात फडकं घेऊन खाली उतरलात, तर कृपा करून गाडीवर आधी पाणी ओता.